रंगपेटी : जळक्या बुचाचा काळा

(नाटक, स्नेहसंमेलन, लग्नकार्य यांतल्या रंगभूषेबद्दल वाचक विचारतात आणि छत्रपती संभाजीनगरचे एक निवृत्त रंगभूषाकार उत्तरं देतात, ते हे सदर.)

या वेळी पत्रं बरीच आली. बहुतेक दाढी-मिशांची आहेत, ती पुढच्या अंकात घेतो. एका पत्रानं मला चार रात्री झोप लागू दिली नाही, त्यामुळं जागाही त्यानंच खाल्ली. ज्यांचा नंबर हुकला त्यांनी राग मानू नये.

प्रश्न : काका, नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षिका आहे. जानेवारीत आमचं स्नेहसंमेलन झालं. सातवीच्या अकरा लेकरांचा 'जंगली डान्स' मी बसवला होता. काजळी खोबरेल तेलात कालवून सगळ्यांची तोंडं, हात, पाय रंगवले. ओठांभोवती पांढरा पोस्टर कलर, कमरेला उसाच्या पाचटाचे घागरे, गळ्यात थर्माकोलची हाडं. मधोमध आचाऱ्याकडून आणलेलं मोठं भगोनं, त्यात हॅट घातलेला एक 'गोरा साहेब' बसवला आणि बाकीची लेकरं भाले घेऊन 'झिंगालाला' करत भोवती नाचली. पहिला नंबर आला. सरपंचांनी पाचशे एक रुपये बक्षीस दिलं.

व्हिडिओ मी घरच्या ग्रुपवर टाकला. माझा धाकटा भाऊ तुमच्याच शहरात विद्यापीठात एम.एस्सी. करतो. त्याच्या ओळखीचा सुदानचा एक मुलगा आहे, दोघं एकाच मेसला जेवतात. भावाच्या मोबाइलवर त्यानं तो व्हिडिओ पाहिला. चिडला नाही, ओरडला नाही. "हे कोण लोक आहेत?" एवढंच विचारलं. भावाला सांगता येईना. रात्री मला फोन करून म्हणाला, "ताई, तू रेसिस्ट आहेस." तेव्हापासून धड बोलत नाही.

काका, मी स्वतः काळी आहे. घरात मला 'काळुंद्री' म्हणायचे. दोन स्थळं रंगावरून मोडली. मी कशी वर्णद्वेषी? आपला विठोबासुद्धा काळाच आहे की. मुख्याध्यापक म्हणतात, लेकरांची गंमत होती, मनावर घेऊ नका. एका मुलाच्या मानेवर मात्र पुरळ उठलंय, त्याची आई रोज विचारते. पुरळाला काय लावू? आणि पुढच्या वर्षी काळा रंग कुठला वापरू, की वापरूच नको?

उत्तर : ताई, आधी लेकराची मान. काजळीचे बारीक कण तेलाबरोबर कातडीच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि आपण साबणानं खसाखसा घासायला लागलो की कातडी सोलवटते. पुरळ बहुतेक वेळा घासण्यामुळं उठतं. अजून काळपट दिसत असेल तर साधं खोबरेल लावून पाच मिनिटं थांबा, कापसानं टिपा, मग कोमट पाणी. साबण नको, पावडर नको. पत्र लिहून इतके दिवस झाले, एवढ्यात उतरायला पाहिजे होतं. उतरलं नसेल तर कातडीच्या डॉक्टरला दाखवा, माझ्या भरवशावर राहू नका. आणि पोस्टर कलर ओठांजवळ पुन्हा लावू नका, तो कागदासाठी असतो.

आता दुसरं. याचं उत्तर मला तुमच्या आधी स्वतःला द्यावं लागलं.

मी या धंद्यात १९७४ साली आलो. वय एकोणीस. माझ्या गुरुजींनी पहिल्याच महिन्यात काळा करायला शिकवला : बाटलीचं बूच चिमट्यात धरायचं, मेणबत्तीवर जाळायचं, कोळसा झाला की गार होऊ द्यायचं, खलात कुटायचं, दोन थेंब पाण्यात कालवायचं. तेलातल्या काजळीपेक्षा हा बरा, धुतला की जातो. पुढं एका कॉलेजच्या गॅदरिंगला निजामशाही दरबाराचा प्रवेश होता. त्यात सिंहासनामागं दोन 'हबशी पहारेकरी' उभे करायचे होते. मी बी.कॉम.ची दोन पोरं घेतली, जळक्या बुचानं काळीकुट्ट केली, डोळ्यांभोवती पांढरी रेघ ओढली आणि ओठ सफेद्यानं दुप्पट मोठे काढले. गुरुजी म्हणायचे, हबशी असाच काढायचा. त्या दोघांना वाक्य एकही नव्हतं. डोळे गरागरा फिरवायचे आणि राजानं टाळी दिली की दात दाखवायचे. पडदा वर गेला आणि ती दोन पोरं नुसती दिसली, तर हॉल हसून हसून कोसळला. मी विंगेत उभा होतो. त्या हशाची मला आजही आठवण आहे, कारण त्या रात्री मला वाटलं होतं की आपला हात बसला.

ओठ दुप्पट का काढायचे, हे मी गुरुजींना विचारलं नाही. रंगभूषेत विचारायची पद्धतच नसते, बघून शिकायचं. म्हातारपणी वाचायला सवड मिळाली तेव्हा कळलं की त्या बुचाची गोष्ट फार लांबून येते.

अमेरिकेत १८३० च्या आसपास थॉमस राइस नावाचा एक गोरा नट तोंडाला जळकं बूच फासून 'जिम क्रो' नावाचं गाणं उड्या मारत म्हणू लागला. गुलाम काळा माणूस कसा लंगडतो, कसा वेडगळ बोलतो, याची ती नक्कल. गाणं एवढं चाललं की पुढं १८४३ साली न्यूयॉर्कमध्ये चार गोऱ्यांनी मिळून अख्खा खेळच तसा उभा केला. त्यात ठरलेली दोन पात्रं असायची. एक फाटका, आळशी, खादाड खेडवळ. दुसरा शहरात आलेला, उसना कोट घालून साहेबी बोलायला जाणारा आणि तोंडघशी पडणारा. बाहेर माणसं बाजारात विकली जात होती आणि आत तीच माणसं किती मजेत आहेत, हे गोरे लोक रंगून दाखवत होते. गुलामगिरी कायद्यानं गेल्यावर काळ्यांना वेगळा डबा, वेगळी शाळा, वेगळा नळ ठरवणारे जे कायदे आले त्यांना लोक त्या गाण्याच्याच नावानं ओळखू लागले : जिम क्रो. ते मोडायला १९६४ चा नागरी हक्क कायदा यावा लागला. म्हणजे नकलेचं नाव कायद्याला पडलं. आपल्याकडं एखाद्या फार्सातल्या पात्राच्या नावानं लोकांचं पाणी तोडणारा हुकूम ओळखला जातो, अशी कल्पना करून बघा.

धंद्यातला माणूस म्हणून मला सगळ्यात जास्त लागलं ते बर्ट विल्यम्सचं. हा बहामात जन्मलेला काळा नट, १९२२ साली वारला, न्यूयॉर्कच्या मोठमोठ्या रंगमंचांवर गाजलेला. तो स्वतः काळा असून तोंडाला जळकं बूच लावून उभा राहायचा. कारण प्रेक्षकांना जो काळा माणूस बघायची सवय लागली होती, तसा त्याचा खरा चेहरा दिसत नव्हता! माझ्या हातून पन्नास वर्षांत हजारो चेहरे गेले असतील. माणसाला त्याच्याच चेहऱ्यावर त्याचं व्यंगचित्र चढवावं लागणं, याच्याइतकी वाईट रंगभूषा मला दुसरी माहीत नाही.

आणि हे तिकडंच राहिलं, असंही नाही. डेव्ह कार्सन नावाचा असाच एक नट १८६० च्या दशकात आपल्या मंडळींसह हिंदुस्थानात आला आणि मुंबई-कलकत्त्यात खेळ करू लागला. तोंड रंगवून काळ्यांची नक्कल तर होतीच, पण इथं आल्यावर त्यानं नवा गिऱ्हाईक शोधला. 'बंगाली बाबू' नावाचं त्याचं गाणं गाजलं : इंग्रजी शिकलेला, साहेबी बोलायला जाऊन फजित होणारा हिंदी माणूस. उसन्या कोटातलं पात्र तेच, कोट फक्त आपल्या अंगावर आला. इंग्लंडात तर बीबीसी टीव्हीवर गोऱ्या गायकांना काळं रंगवून गाणी म्हणायला लावणारा कार्यक्रम १९५८ पासून १९७८ पर्यंत चालला. १९७८ ला मी गुरुजींची पेटी उचलून गावोगाव फिरत होतो. तिकडं लंडनच्या रंगभूषाकाराच्या पेटीतही तोच काळा होता.

आता तुमच्या भगोन्याकडं येतो. ताई, तो व्हिडिओ आवाज बंद करून एकदा बघा. गाणं गेलं की काय उरतं? हातात भाले, गळ्यात हाडं, मध्ये शिजायला ठेवलेला माणूस. काळी माणसं माणसं खातात, एवढंच त्यात सांगितलेलं आहे. ही गंमत किती लांब जाते ते सांगतो. २०१७ च्या मार्चमध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात एक शाळकरी मुलगा बेपत्ता झाला. शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांनी त्याला खाल्लं, अशी अफवा उठली. खाल्लं! पोरगा नंतर घरी परत आला आणि दवाखान्यात वारला. लोक भडकले, आणि दोन दिवसांत जमावानं आफ्रिकन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये शिरून खुर्च्या-काठ्यांनी मारलं. त्या जमावातल्या लोकांनी आफ्रिका कुठं पाहिली होती? त्यांनी भगोनं पाहिलं होतं. सिनेमात, चित्रकथेत, आणि कुणी सांगावं, गॅदरिंगमध्ये.

तुम्ही म्हणाल, काका, तुम्ही मोठे शहाणे. थांबा. माझं घर बेगमपुऱ्याच्या अंगाला आहे, विद्यापीठ जवळ. वरची खोली मी विद्यार्थ्यांना भाड्यानं देतो. वीस वर्षांपूर्वी एका दुपारी एक उंच, काळा, इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा दारात आला. हातात वही होती, वहीत खोल्यांचे पत्ते. मोडक्या हिंदीत म्हणाला, "अंकल, रूम खाली है?" मी म्हणालो, "गेली." तो "शुक्रिया अंकल" म्हणाला आणि वहीतल्या त्या ओळीवर काट मारून पुढं गेला. खोली त्यानंतर चार महिने रिकामी होती. बायकोनं विचारलं, का नाही दिलीत? मी म्हणालो, आपल्याकडं मटण चालत नाही. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं, कारण आमच्याकडं दर रविवारी मटण असतं.

मला त्या पोराची भीती वाटली होती. कशाची, असं मला कुणी तेव्हाच धरून विचारलं असतं तर माझ्याकडं सांगायला त्या दोन पहारेकऱ्यांखेरीज काही नव्हतं. मीच रंगवलेले डोळे, मीच मोठे केलेले ओठ. बाकी आफ्रिकेतल्या एकाही माणसाशी मी तोवर चार शब्द बोललो नव्हतो. मी दुसऱ्यांसाठी रंगवलेलं भूत माझ्याच दारात येऊन उभं राहिलं आणि मी दार लावलं. हे सदर लिहायला बसलो तेव्हा हा मजकूर तीनदा खोडला. भाऊ तुम्हाला जे म्हणाला ते मला म्हणणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक.

'मी स्वतः काळी आहे' याचं बोलू. तुम्ही सोसलंय ते खरं आहे. मी लग्नातही काम केलेलं आहे, ताई. मराठवाड्यात नवरी बसवली की आधी तिची आई कानाशी येऊन म्हणते, "जरा उजळ दिसू द्या." मी दोन शेड वरचा पॅनकेक, म्हणजे चेहऱ्याचा बेस रंग, लावायचो आणि मानेपाशी रंग तुटू नये म्हणून जीव टाकायचो. बायोडाटात 'निमगोरी', 'गव्हाळ' लिहितात, 'काळी' असं कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही. एका मोठ्या कंपनीनं आपल्या गोरं करणाऱ्या क्रीमचं नाव २०२० साली बदललं. नाव बदललं, नवरीच्या आईचं वाक्य तेच राहिलं. हे सगळं तुमच्या वाट्याला आलं. पण सोसलेला माणूस दुसऱ्याला सोसायला लावत नाही, असं कुठं लिहिलंय? सासुरवास काढलेल्या सासूला विचारा. उलट मला वाटतं, 'काळुंद्री' म्हणवून घेतलेल्या बाईला आपल्याहून काळा कुणी सापडला की थोडं हायसं वाटतं. चुकत असेन तर कळवा, छापतो.

विठोबाला मात्र मध्ये आणू नका. त्याच्या हातात कुणी भाला दिलेला नाही आणि त्याला बघून कुणी हसत नाही. काळा विठोबा डोक्यावर घेणाऱ्या घरात काळी सून नको असते, हे दोन्ही एकाच आषाढात चालतं. तो आपल्या बाजूनं साक्ष द्यायचा नाही.

आपल्या शहराची एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या भावाच्या मित्रानं विचारलं, "हे कोण लोक आहेत?" हबशी म्हणजे हबशाणचा, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचा. तिथला एक पोरगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या बाजारातून फिरत फिरत दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ताकरविता झाला. मलिक अंबर. त्यानं १६१० मध्ये खडकी वसवली, तेच माझं शहर. भडकल दरवाजा १६१२ चा, मुघलांवरच्या विजयाचा. डोंगरातून खापराच्या नळांनी शहरात पाणी आणलं, ती नहर-ए-अंबरी. भातवडीला १६२४ साली त्याच्या फौजेनं मुघल आणि आदिलशाहीच्या एकत्र फौजेला धूळ चारली. जहांगीर त्याला उभ्या हयातीत पकडू शकला नाही, म्हणून चित्रकाराकडून काढून घेतलं : भाल्याच्या टोकावर अंबरचं मुंडकं आणि बादशहा त्यावर बाण सोडतोय. आपल्या आठवणींत तो अंबरला 'काळतोंड्या' म्हणतो. 'तोंड काळं कर' असं आपण आजही म्हणतो आणि पुढाऱ्याच्या तोंडाला काळं फासतो, तेव्हा त्याच माळेत बसतो. अंबर १६२६ साली म्हातारपणानं गेला, खुलताबादला त्याची कबर आहे. हाशिम नावाच्या मुघल चित्रकारानं काढलेलं त्याचं चित्र मी छापील पाहिलंय. साधा पांढरा जामा, बाजूनं दिसणारा चेहरा, काळा वर्ण. ओठ ओठांएवढेच आहेत.

त्याच्याच शहरात, त्याच्याच निजामशाहीच्या प्रवेशात मी हबशी उभे केले ते सिंहासनामागं, मुके. शहर वसवणाऱ्याला मी एक वाक्य दिलं नाही. माझ्या घरापासून भडकल दरवाजा पायी वीस मिनिटांवर आहे. रोज त्याखालून सायकल काढायचो.

आणि आम्हाला ठाऊकच नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही. जोतीरावांनी 'गुलामगिरी' १८७३ साली छापली ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्यांची गुलामी मोडायला झीज सोसली. बाबासाहेबांनी १९४६ साली तिकडच्या काळ्यांचे विचारवंत नेते डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची चौकशी केली. दलित पँथरनं १९७२ मध्ये नाव घेतलं तेही तिकडच्याच काळ्या पँथरांवरून. आपल्या लातूरच्या जनार्दन वाघमारे सरांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. आमच्या शहरातल्या नागसेनवनात, बाबासाहेबांच्या मिलिंद कॉलेजच्या आवारात, यावर व्याख्यानं होत होती, आणि तिथून हाकेच्या अंतरावर मी बूच जाळत होतो.

तर करायचं काय? ग्रुपवरून व्हिडिओ काढा, पण गुपचूप नको, दोन ओळी लिहून काढा. मुख्याध्यापकांशी भांडत बसू नका, तो वेळ लेकरांना द्या. त्यांना रागावू नका, त्यांनी तुम्ही शिकवलं ते केलं, आणि छान केलं असणार, म्हणूनच नंबर आला. एका तासाला नकाशा लावा आणि विचारा की आपण नाचलो ते लोक यात कुठं राहतात. शोधू द्या. सापडणार नाहीत. तुमच्या भावाच्या मित्रालाही हेच कळवा : हे लोक कुठंच नाहीत, हे आम्ही बनवले, आणि मी बनवले. पत्र चार ओळींचं पुरे. त्यात स्वतःचा रंग, मोडलेली स्थळं, विठोबा, 'आमचा तसा हेतू नव्हता', यातलं काहीही घालू नका. त्यानं उत्तर द्यावं, माफ करावं, अशी अपेक्षाही नको. तो इथं शिकायला आलाय, आपली समजूत घालायला नाही. भावाला एवढं सांगा की त्या मुलापुढं गप्प बसला तो तूही, फोनवर मोठ्यानं बोलून ते भरून येत नाही.

पुढच्या वर्षी काळा रंग कुठला? कुठलाच नाही. नाटुकलं बसवायचं असेल तर खडकीला पाणी कसं आलं ते बसवा. पाचटाचे घागरे मोडून त्याचेच नळ करता येतील. अंबरचं काम वर्गातल्या कोणत्याही लेकराला द्या, मुलीलाही. तोंडाला त्याच्या स्वतःच्या रंगाचा हलका पॅनकेक, घाम टिपायला पावडर, बस्स. आणि त्याला भरपूर वाक्यं द्या.

प्रश्न : आम्ही उदगीरच्या कॉलेजची एकांकिका बसवतोय. त्यात पुण्यात शिकणारा एक नायजेरियन विद्यार्थी आहे, गंभीर भूमिका आहे, विनोदी नाही. नट गोरा आहे. प्रोफेशनल दर्जाचा मेकअप केला तर चालेल ना?

उत्तर : नाही. दर्जा जितका चांगला तितकं वाईट, कारण मग प्रेक्षक भूमिका सोडून रंगच बघत बसतो. 'हुबेहूब केलंय हां' असं पहिल्या रांगेतून ऐकू आलं की एकांकिका मेली समजा. नांदेडला, संभाजीनगरला आफ्रिकेतली मुलं शिकतात, त्यांच्यातल्या कुणाला नाटकाची हौस आहे का ते विचारा. मिळालं नाही तर पात्र रंगमंचावर आणूच नका, फोनवरचा आवाज ठेवा, त्याची रिकामी खुर्ची ठेवा. मला विचाराल तर घरमालकाचं पात्र आधी नीट लिहा. तुमच्या संहितेत तो दोन वाक्यं बोलून आत जातो, तिथं खरं नाटक आहे. त्या मालकाच्या रंगभूषेला माझी मदत लागली तर कळवा, तो माणूस मला आतून माहीत आहे.

प्रश्न : शेतकऱ्याच्या भूमिकेत चार दिवसांची वाढलेली दाढी दाखवायची आहे. क्रेप (नकली केस) चिकटवला की खोटा दिसतो. उपाय सांगा. (परभणी)

उत्तर : जळकं बूच. मेणबत्तीवर जाळा, पूर्ण गार होऊ द्या, ओठाला-गालाला चटका बसलेले नट मी पाहिले आहेत. कुटायचं नाही, बुचाचं टोक तसंच हलक्या हातानं हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला टेकवत जायचं, ओढायचं नाही. स्पंजचा खडबडीत तुकडा वापरला तर खुंट जास्त खरे वाटतात. गालाच्या वरच्या बाजूला कमी, हनुवटीखाली जास्त. वरून पावडर मारू नका, राखाडी दिसतं. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसायची नटाला सवय असेल तर त्याला आधीच दम द्या.